राहिलेलं वाक्य

१

म्हातारी दुपारी गेली आणि तिच्या मरणाचा गुन्हेगार चहाच्या वेळेपर्यंत ठरलासुद्धा. एवढा चपळ तपास पोलीस खात्यातल्या माझ्या सबंध नोकरीत मी कधी पाहिला नव्हता.

मी निवृत्त झाले तरी आरोग्य खातं अधूनमधून मला अशा चौकश्यांना बोलावतं. नोकरीत असताना माझं टोपणनाव होतं 'उकरणीबाई'. दोन दिवसांनी मी या सरकारी रुग्णालयात पोचले, तेव्हा अधीक्षकांना ते ठाऊक नसावं. पिकल्या केसांची बाई आहे, चहा पिईल, सही करील आणि घरी जाईल, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी मला गुबगुबीत खुर्चीत बसवलं. त्या केबिनमध्ये तशा पुष्कळ खुर्च्या होत्या आणि बसायला आम्ही दोघंच.

"चौकशीत तसं काही नाही बाई, उपचार म्हणून करायची," ते म्हणाले. "सिस्टरनं स्वतः कबूल केलंय. तुम्ही संध्याकाळपर्यंत अहवाल द्या, म्हणजे पोलिसांच्या हवाली करून मोकळे होऊ. बाहेर लोक चिडलेत."

हकिकत थोडक्यात अशी होती. चौथ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डात एक म्हातारी शिंपीणबाई दाखल होती. मूत्रपिंडं थकलेली, हृदय नाजूक. तिला सलाईनमधून एक क्षार द्यायचा होता. हा क्षार थेंबाथेंबानं दिला तर औषध आणि घाईनं दिला तर हृदय बंद पाडतो. संध्याकाळपर्यंत पुरायची बाटली दुपारीच रिकामी सापडली आणि म्हातारी गेलेली. पाळीवर सिस्टर एकटीच होती. तिला विचारलं तर म्हणाली, "माझीच चूक." तिला तिथल्या तिथं निलंबित केलं.

"चूक म्हणजे तिनं नेमकं काय केलं?" मी विचारलं.

"ते नाही सांगितलं. पण कबुली ती कबुली, नाही का?"

भिंतीवर एक नवाकोरा फोटो टांगला होता. पायघड्या, फीत, कात्री, हसरे पाहुणे. मागे कडक इस्त्रीच्या गणवेशात हातात फुलं घेतलेल्या परिचारिकांची लांबच लांब रांग.

"हा कधीचा?"

"आमच्या नव्या विभागाचं उद्घाटन," अधीक्षकांचा चेहरा फुलला. "योगायोगानं त्याच दिवशी होतं. सकाळपासून दुपारपर्यंत."

योगायोग हा शब्द ऐकला की माझा डावा डोळा बारीक होतो, ही जुनी खोड आहे. वरती साठ-पासष्ट बायका एका सिस्टरच्या जिवावर टाकलेल्या असताना खाली फुलं धरून उभी असलेली ही रांग कुठून आणली होती?

२

लिफ्टसमोर स्ट्रेचर होतं, त्यामागे दुसरं. मी जिना धरला. चौथ्या मजल्यावर पोहोचले तेव्हा माझा भाता झाला होता आणि गुडघे आई-बाप काढत होते. वॉर्डाच्या दाराशी उभी राहून मी बसायला काही मिळतं का पाहिलं. नव्हतं. एकुलतं एक स्टूल होतं, त्यावर औषधांचा ट्रे ठेवलेला. नातेवाईक खाटांच्या कडेला, जमिनीवर, पालथ्या बादल्यांवर बसले होते.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत भरली. ज्या ज्या खाटेशी सलाईन चालू होती, त्या त्या खाटेशी कुणीतरी पोटावर हात ठेवून टक लावून बाटलीकडे बघत होतं. कुणी आई, कुणी जाऊ, कुणी मावशी. बोलत नव्हतं कुणी. मला वाटलं, बिचाऱ्या देवाला साकडं घालतायत. माझंही मन जरा हललं आणि मी पुढे गेले. तिथंच थांबायला हवं होतं.

शिकाऊ डॉक्टर पोरगेलासा होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यानं पुरावा म्हणून जपून ठेवलेली बाटली आणि नळी मला दाखवली. नळीवर एक छोटं चाक असतं, ते फिरवलं की थेंबांचा वेग कमी-जास्त होतो.

"मी वेग बरोबर लावला होता, मॅडम. शपथेवर सांगतो. मग मला खाली बोलावलं."

"कशाला?"

तो घुटमळला. "नव्या विभागात सलाईनचा वेग आपोआप सांभाळणारी यंत्रं आलीत. ती पाहुण्यांना चालवून दाखवायची होती."

"ती यंत्रं आता कुठायत?"

"परत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलीत. तो विभाग चालवायला माणसं कुठायत?"

माझ्या तोंडाशी जे आलं ते छापता आलं नसतं. जे यंत्र म्हातारीच्या उशाशी हवं होतं, ते त्याच वेळी खाली रिकाम्या खाटेला सलाईन देत होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते!

मी ते चाक हातात घेऊन निरखलं. "हे सापडलं तेव्हा असंच होतं? कुणी हलवलं नाही?"

"नाही. बाटली संपल्याचं मीच पाहिलं आणि तसंच सील केलं."

चाक पूर्ण उघडं नव्हतं. धक्का लागून सरकलेलंही वाटत नव्हतं. कुणाला म्हातारीचा जीवच घ्यायचा असता तर त्यानं ते सताड उघडलं असतं. हे चाक कुणीतरी थोडं थोडं फिरवून, बघून, पुन्हा फिरवून एका जागी आणून ठेवलं होतं. निष्काळजी माणूस असं करत नाही. हा हात काळजीचा होता आणि त्या काळजीनंच म्हातारी गेली होती.

"सिस्टरनं फिरवलं असेल?"

उत्तर दाराजवळच्या खाटेवरून आलं. तिथं नुकतीच शस्त्रक्रिया झालेली एक भाजीवाली पडली होती. आवाज खोल गेलेला, पण बाई ठाम.

"सिस्टर कशाला फिरवेल? त्या दिवशी माझा टाका उसवला. रक्त थांबेना. सगळी सकाळ तिनं दोन्ही हातांनी माझं पोट दाबून धरलं होतं. डॉक्टरला बोलवा, दुसऱ्या सिस्टरला बोलवा म्हणून ओरडत होती, पण वर कुणी येईल तर ना! तिनं हात काढला असता तर मी आज तुमच्याशी बोलत नसते. आणि त्या आजीची खाट बघा कुठंय, पार त्या टोकाला."

सिस्टरचे दोन्ही हात एका बाईच्या जखमेवर होते, म्हणजे दुसऱ्या बाईच्या सलाईनला तिनं हात लावणं शक्यच नव्हतं. मग न केलेली चूक ती कबूल का करत होती?

३

सिस्टर तिच्या वसतिगृहाच्या खोलीत पलंगावर बसली होती. चाळिशीची, सडपातळ. गणवेश धुऊन दोरीवर टाकला होता. निलंबित बाईनं गणवेश धुवावा, याचं मला नवल वाटलं.

"सवय," ती म्हणाली.

मी सरळ विषयाला हात घातला. "तुमचे हात कुठं होते ते मला कळलंय. तुम्ही ते चाक फिरवलेलं नाही. मग कबुली कसली?"

"चूक माझीच आहे, बाई."

"कोणती?"

तिनं उठून दोरीवरच्या गणवेशाच्या चुण्या सारख्या केल्या. मग हळूच म्हणाली, "एक वाक्य राहिलं माझं."

"कुणाला सांगायचं?"

"सगळ्यांनाच. इतकी वर्षं सांगायचं राहिलं. सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी सांगायला फुरसत कुठं होती? एका खाटेशी मी जेमतेम उभी राहते तोवर दुसरीकडून हाक येते. लोक म्हणतात सिस्टर तुसडी आहे, वसकन अंगावर येते. अहो, मला पाणी प्यायला वेळ नसतो, गोड कधी बोलू?"

"ते वाक्य कोणतं ते सांगा, मी तुम्हाला सोडवते. नाहीतर आज संध्याकाळी पोलीस येतील. नोकरी जाईल, ही खोली जाईल आणि तुरुंग दिसेल तो वेगळाच."

"माहीत आहे मला."

"मग?"

"सांगितलं तर माझ्या जागी दुसरं कुणीतरी मरेल," सिस्टर म्हणाली. "आणि ते माणूस तुरुंगाशिवायच मरेल."

त्यापुढे तिनं तोंड उघडलं नाही. कबुली न देणारे बिलंदर मी पुष्कळ पाहिलेत. पण दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेऊन ते खाली ठेवायला नकार देणारं माणूस समोर आलं की माझ्यातली पोलीस लंगडी पडते. मला तिचा राग आला. मग तिला या जागी आणून बसवणाऱ्यांचा त्याहून जास्त आला.

४

म्हातारीच्या घरच्या दोघी जिन्याखालच्या कट्ट्यावर माझी वाट बघत होत्या. मुलगी बस कंडक्टर. भरल्या बसच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज. सून घरीच शिवणकाम करणारी, आवाज सुईच्या टोकाएवढा.

कंडक्टरताईनं तोफ डागली. "तिला फाशी द्या! माझी आई चालती-बोलती इथं आली. त्या सिस्टरनं ढुंकून पाहिलं नाही. मी स्वतः तिला हाका मारल्या, तर म्हणे, येते. कधी येते? आई गेल्यावर?"

"ताई, सकाळी आईजवळ कोण होतं?"

"आम्ही आळीपाळीनं होतो. आणि..." तिनं वहिनीकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. "घरात मशीन एक आणि शिवणाऱ्या दोघी. आई आणि वहिनी. त्यावरून रोजची धुसफूस. मी काही म्हणत नाही. पण तुम्ही विचारा हिला."

सून खाली मान घालून बसली होती. उजव्या पावलाला जाड पट्टी गुंडाळलेली. आदल्या आठवड्यात घरच्या पायरीवर मुरगळलेला पाय.

"रक्त तपासायला खाली कोण घेऊन गेलं होतं?" मी विचारलं. वॉर्डात ते काम करायला माणूस नसतो हे एव्हाना मला कळलं होतं. रक्ताच्या बाटल्या, रिपोर्ट, औषधं, सगळं नातेवाईकच वर-खाली करतात.

"मी गेले होते," कंडक्टरताई म्हणाली. "डॉक्टर म्हणाला, तातडीनं न्या. तशी पळत गेले आणि रिपोर्ट घेऊन..."

"नाही!" सुईच्या टोकाएवढा आवाज एकदम मोठा झाला. "वन्सं नव्हत्या गेल्या. मी गेले होते. मीच खाली गेले आणि मीच वर आले."

कंडक्टरताई आ वासून बघत राहिली. "वहिनी, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? या पायानं?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं माझी नजर सोडली नाही. ती खोटं बोलत होती आणि ते मला कळलंय हे तिलाही कळत होतं. माणूस खोटं बोलतो ते स्वतःला वाचवायला. ही बाई मात्र त्या खोट्यानं स्वतःलाच गोवत होती. सिस्टरही तेच करत होती. आपसात काही नातं नसलेल्या या दोन बायका तिसऱ्या कुणाच्या तरी पुढे भिंतीसारख्या उभ्या होत्या, आणि ती तिसरी त्या दोघींनाच शिव्या घालत होती.

पण रक्ताची बाटली खाली नेण्यात लपवण्यासारखं असं होतं काय?

५

लिफ्टमन विडी विझवून उभा राहिला.

"त्या दिवशी लिफ्ट बंद होती?" मी विचारलं.

"बंद? छे! ठणठणीत होती. पण खालीच उभी करून ठेवायची, दार उघडं ठेवून, असा हुकूम. पाहुण्यांना थांबायला लागू नये म्हणून. आत गालिचा टाकला होता, अत्तर मारलं होतं."

"पाहुणे वर गेले?"

"पाहुणे कशाला वर जातील? नवा विभाग तळमजल्यालाच आहे."

म्हणजे पाहुण्यांना लागणारच नव्हती ती लिफ्ट अत्तर लावून खाली उभी होती आणि वरची आजारी माणसं, त्यांच्या आया-बहिणी जिन्यानं धापा टाकत होत्या. लिफ्टमननं मला वर सोडतो म्हटलं. माझं टाळकं इतकं तापलं होतं की मी नको म्हटलं आणि तरातरा जिना चढले, मधे कुठं न थांबता.

वॉर्डात शिरले तेव्हा धाप कानात ऐकू येत होती. मी पहिल्याच खाटेचा गज धरून उभी राहिले. त्या खाटेशी एक आजी नातीजवळ बसली होती, पोटावर हात, नजर बाटलीवर.

"देवाचं नाव घेताय का, आजी?"

"देव कुठला? मोजतेय. आपला श्वास आत-बाहेर झाला की एक थेंब पडायला हवा. पोटावर हात ठेवला म्हणजे श्वास कळतो. कमी पडले तर हे चाक जरा सोडायचं, जास्त पडले तर आवळायचं. सिस्टरनी शिकवलंय सगळ्यांना. घड्याळ कुणाकडं असतं, कुणाकडं नसतं, आणि वाचता सगळ्यांना येतंच असं नाही. श्वास तर प्रत्येकाकडं असतो."

मला त्या सिस्टरचं कौतुक वाटलं. जिथं यंत्रं प्लॅस्टिकमध्ये पडून होती, तिथं त्या बाईनं प्रत्येक नातेवाइकाच्या छातीतच एक यंत्र बसवून दिलं होतं. मला मोह आवरेना. मीही पोटावर हात ठेवला आणि बाटलीकडे बघितलं. थेंब पडला. पुढचा पडेना. किती हळू! अशानं पोरीला औषध जायचं कधी? मी चाकाकडे हात नेला आणि...

"अहो!" आजीनं माझ्या हातावर चापट मारली. "हात काय लावता? आत्ताच तर मी बरोबर लावलाय."

माझा हात हवेतच राहिला. मी त्या हाताकडे पाहिलं, मग पोटावरच्या हाताकडे. तो अजून भराभर वर-खाली होत होता.

सिस्टरचं राहिलेलं वाक्य कोणतं ते मला कळलं होतं.

६

संध्याकाळ व्हायच्या आत मी अधीक्षकांना निरोप धाडला, अहवाल तयार आहे, चौथ्या मजल्यावर या. ते लिफ्टपाशी आले तर लिफ्टमन म्हणाला, "साहेब, राखीव आहे. पाहुण्यांसाठी." हे मीच त्याला शिकवलं होतं. त्यानं ते इतक्या चवीनं म्हटलं की मला वरून ऐकू आलं.

अधीक्षक घामाघूम होऊन दारात आले. वॉर्डात सिस्टर होती, सून होती, शिकाऊ डॉक्टर होता. कंडक्टरताईला मी मुद्दाम बोलावलं नव्हतं. रिकाम्या खाटेशी एक सलाईनची बाटली टांगून नळी बादलीत सोडली होती, थेंबांचा वेग डॉक्टरनं बरोबर लावलेला.

"बोलू नका," मी अधीक्षकांना म्हटलं. "पोटावर हात ठेवा. एका श्वासाला एक थेंब. कमी वाटले तर चाक सोडा."

"हा काय पोरखेळ..."

"ठेवा."

त्यांनी हात ठेवला. बाटलीकडे बघितलं, कपाळाला आठी घातली. मग चाक थोडं फिरवलं. पुन्हा बघितलं. आणखी थोडं फिरवलं. थेंब त्यांच्या धापेच्या तालावर पडू लागले तसे समाधानानं मागे सरले. डॉक्टरनं सील केलेलं ते चाक शेजारी धरलं. दोन्ही चाकं जवळजवळ एकाच जागी होती.

"या वेगानं बाटली कधी संपेल?" मी विचारलं.

"दुपारीच," डॉक्टर म्हणाला.

"साहेब, आता तुम्ही मारलीत म्हातारी," मी म्हटलं. "अगदी काळजीपूर्वक. रक्ताची बाटली पोचवून कुणीतरी चार मजले पळत वर आलं, सिस्टरनं सांगितलं होतं तसंच मोजलं आणि आईला औषध कमी जातंय म्हणून चाक सोडलं. चूक एवढीच झाली की बसून दम खाल्ला नाही. 'आधी बसा, मग मोजा,' हे वाक्य सिस्टरचं सांगायचं राहिलं."

सिस्टरनं डोळे मिटून घेतले. सून भिंतीला टेकली. "मी पलीकडून चादर धुऊन आले तेव्हा वन्संचा हात चाकावर होता," ती पुटपुटली. "त्यांनी मोजलंय म्हटल्यावर मी परत मोजलं नाही. मग त्या रिपोर्ट दाखवायला डॉक्टरला शोधत फिरत राहिल्या. आई गेल्यावर सिस्टरनं मला विचारलं, कोण मोजत होतं? मी सांगितलं, वन्सं, खालून पळत आल्या आल्या. सिस्टर मटकन खालीच बसल्या. म्हणाल्या, हे ताईंना कधी कळू द्यायचं नाही."

अधीक्षकांचा चेहरा मात्र उजळला होता. "म्हणजे हात नातेवाइकाचा! बाई, तुम्ही तर रुग्णालयाची अब्रू वाचवलीत. मी तसं जाहीर करतो. आणि उद्यापासून नातेवाइकांना सलाईनजवळ फिरकू द्यायचं नाही."

"मग बाटल्या कोण बघणार?" सिस्टर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "मी एकटी? साठ बाटल्या? म्हणूनच मी गप्प होते, बाई. हे हात बांधले तर वॉर्ड रोज एक माणूस खाईल."

माझा संयम तिथं सुटला. "चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात तुमचा हातखंडा दिसतोय, साहेब. सकाळी सिस्टर, आता मुलगी. या वॉर्डाची दुसरी सिस्टर खाली फुलं धरून उभी होती, ती कुणी नेली? डॉक्टर टाळ्या घ्यायला कुणी नेला? लिफ्ट अत्तर मारून कुणी खाली डांबली? ती बाई पळाली कुणामुळे? चाक तिनं फिरवलं, पण धाप तुम्ही लावलीत. माझ्या अहवालात हेच लिहिलेलं आहे आणि तुमचं नाव पहिल्या ओळीत आहे."

तेवढ्यात सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. कंडक्टरताई दारात उभी होती. आम्ही वर जमलोय हे तिला कुणीतरी सांगितलं असावं आणि ती जिन्यानं पळत आली होती. तिनं किती ऐकलं होतं कोण जाणे. ती बादलीत पडणाऱ्या थेंबांकडे बघत होती. मग तिचा हात, सवयीनं, आपोआप, पोटावर गेला. हात भराभर वर-खाली होत होता. थेंब त्याच तालावर पडत होते.

"बरोबर वाटतोय," ती म्हणाली. "मला आत्ता हा वेग बरोबर वाटतोय, वहिनी."

मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो भरल्या बसच्या दुसऱ्या टोकालाच काय, रस्त्यापार ऐकू गेला असेल. सून लंगडत धावली. पण तिच्याआधी सिस्टर पोचली होती. जिला फाशी द्या म्हणून ती बाई दिवसभर ओरडत होती, तिच्याच खांद्यावर तिनं डोकं टाकलं. सिस्टर तिला थोपटत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "माझं वाक्य राहिलं, ताई. तुमचा हात बरोबर होता, माझं वाक्य राहिलं."

७

सिस्टरचं निलंबन रद्द झालं आणि पोलिसांना परत पाठवलं गेलं. अधीक्षकांची बदली झाली, याहून मोठ्या रुग्णालयात. आमच्याकडे याला कारवाई म्हणतात.

काही महिन्यांनी मी त्या वॉर्डात सहज डोकावले. जादा सिस्टर अजून मिळाली नव्हती. नव्या विभागातली यंत्रं अजून प्लॅस्टिकमध्ये होती. सून मधून मधून येते, असं सिस्टर म्हणाली, फाटक्या चादरी शिवून देते. तिच्याबरोबर ताईही येतात, पण त्या खाली जिन्याशीच थांबतात. वर येत नाहीत.

सिस्टर बोलता बोलताच एका नव्या बाईला शिकवत होती. बाईच्या हातात औषधाची पिशवी, छाती वर-खाली होत असलेली.

"एका श्वासाला एक थेंब. पण त्याच्याआधी ऐका. आधी बसा. दम खा. शांत वाटलं की मग मोजा. आधी बसायचं, लक्षात राहील?"

बाईनं मान हलवली आणि इकडंतिकडं पाहिलं. "पण सिस्टर, बसू कुठं?"

सिस्टरनंही इकडंतिकडं पाहिलं. स्टुलावर औषधांचा ट्रे होता. तिकडून कुणीतरी हाक मारली आणि ती धावली.

मी खाली गेले. नवे अधीक्षक कुठल्याशा बैठकीला गेले होते. केबिन गार होती आणि गुबगुबीत खुर्च्या भिंतीकडेनं रांगेत रिकाम्या उभ्या होत्या. त्यातली एक मी उचलली. जड होती, म्हणून ओढत लिफ्टपर्यंत आणली. लिफ्टमननं एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"कुठं न्यायची, बाई?"

"चौथ्यावर," मी म्हटलं. "दार धर आणि बाकीच्याही आण."